पुन्हा पहिल्यापासून: लय, फेरी आणि प्लेचं बटण

मनोरीला जायचं तर मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरून बोट पकडायची आणि खाडी ओलांडायची. गाव मुंबई उपनगर जिल्ह्यातलंच, पण पाण्यापलीकडचं. इथे कोळी आहेत, आणि मराठी बोलणारे ईस्ट इंडियन कॅथलिक आहेत. वसई-साष्टीचा हा मुलूख १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हा ख्रिस्ती झालेल्या इथल्या मूळ रहिवाशांनी पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रूढ झालं. धर्म बदलला, आडनावं बदलली, पण घरातली बोली मराठीच राहिली. लग्नातली गाणीही मराठीच राहिली.

या लग्नांमध्ये ‘उंबराचं पाणी’ नावाचा विधी असतो. वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि पाणी भरून घरी आणायचं. सोबत बँड असतो: क्लॅरिनेट, ट्रंपेट, मोठा ढोल. कुठे मातीचं घुमट असतं. बायका गात असतात. चाल छोटी, कडवी पुष्कळ. एक कडवं संपलं की तीच चाल पुन्हा सुरू होते. किती वेळा? विहीर येईपर्यंत. लय कोणती? चालणाऱ्या बायकांच्या पायांची. परतताना डोक्यावर भरलेली कळशी असेल तर लय वेगळी, आणि अंगणात पोचल्यावर नाच सुरू झाला तर आणखी वेगळी.

आता हे गाणं लिहून ठेवायचं ठरवा. म्हाताऱ्या माणसांबरोबर गाणी जाताहेत, म्हणून गावोगावची तरुण मुलं ती फोनवर रेकॉर्ड करतात. ज्याला स्टाफ नोटेशन येतं, तो म्यूझस्कोअरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडतो, सोळा माप लिहितो, शेवटी दोन टिंबांची दुहेरी रेघ, म्हणजे रिपीटची खूण, टाकतो आणि प्ले दाबतो. संगणक गाणं वाजवतो. स्वर बरोबर असतात. तरीही ऐकणारी आजी म्हणते, “हे आमचं नाय.”

तिचं बरोबर आहे. ते का बरोबर आहे, हे समजायला लय आणि पुनरावृत्ती कागदावर कशा आल्या आणि कागदावरून यंत्रात कशा गेल्या, हा साधारण चारशे वर्षांचा प्रवास बघावा लागतो.

कागद वाचवणारी खूण

रिपीटची खूण युरोपात आली त्यामागे एक व्यवहार होता. हाताने नकला करायच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं, दोन्ही महाग. जे पुन्हा वाजवायचं ते पुन्हा कशाला लिहायचं? म्हणून टिंबांची रेघ आली, ‘दा कापो’ म्हणजे ‘पहिल्यापासून’ आलं, ‘दाल सेन्यो’ म्हणजे ‘खुणेपासून’ आलं. पण वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘तेच आणि तसंच’ असा कधीच वाटत नव्हता. अठराव्या शतकातल्या दा कापो गाण्यांत पहिला भाग परत आला की गायकाने त्यात आपल्या ताना, आपली नक्षी घालावी, ही श्रोत्यांची सरळ अपेक्षा असे. जो गायक दुसऱ्यांदा अगदी तसंच गाईल त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं मानलं जाई. थोडक्यात, ती खूण ‘कुठे परत जायचं’ एवढंच सांगायची. परत गेल्यावर काय करायचं, ते गायक ठरवायचा.

लयीचंही तसंच. ‘आलेग्रो’, ‘आदाज्यो’ हे मूळचे इटालियन भाषेतले साधे शब्द: आनंदी, निवांत. ते आधी स्वभाव सांगतात, वेग नंतर. योहान योआखिम क्वांट्झ या बासरीवादकाने १७५२ सालच्या आपल्या ग्रंथात वेग मोजायला माणसाच्या नाडीचा आधार घेतला, मिनिटाला सुमारे ८० ठोके. मोजमाप होतं, पण ते अजून शरीरातच होतं.

१८१५ साली योहान मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. त्यातली मुख्य युक्ती ॲम्स्टरडॅमच्या डिट्रिच विंकेलची होती, पण नाव मेल्झेलचं झालं. आता ‘मिनिटाला १०८’ असं लिहिता येऊ लागलं. बीथोव्हनला ही कल्पना इतकी आवडली की १८१७ साली त्याने आपल्या पहिल्या आठही सिंफनींचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच्या एका पियानो सोनाटाचा, ओपस १०६चा, आकडा १३८ इतका अवघड आहे की दोनशे वर्षं पियानोवादक त्यावर भांडताहेत. आकडा आला म्हणून वाद मिटला नाही. फक्त आता भांडायला एक आकडा मिळाला.

आपल्याकडे काय झालं

मराठी मुलखात स्वरलिपीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्या गायच्या होत्या, पण चालीचा एकही स्वर छापलेला नाही. गरजच नव्हती. ओवी कशी म्हणायची ते ऐकणाऱ्याला ठाऊक होतं. एक चाल हजारो वेळा परत येणार, शब्द पुढे जाणार, आणि गाणाऱ्याचा दम, श्रद्धा आणि कथेचा प्रसंग लय ठरवणार. रिपीटच्या खुणेशिवाय लिहिलेलं हे बहुधा आपल्याकडचं सर्वात मोठं रिपीट असावं.

स्वर छापायची निकड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) घराण्यांमधून चिजा गोळा करत हिंडले आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी त्या स्वरलिपीसह छापल्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईला गांधर्व महाविद्यालय उभं केलं. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली, जिच्यात स्वराची लांबी दाखवायला त्याच्याखाली वेगळी खूण असते. भातखंड्यांची पद्धत लिहायला सोपी होती आणि तीच जास्त पसरली: कोमल स्वराखाली रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखाली कंस, समेला फुली, खालीला शून्य.

पण भातखंड्यांच्या पानावर लय कशी लिहिलेली असते बघा. ‘त्रिताल (मध्यलय)’. बस, एक शब्द. मिनिटाला किती, हे नाही. स्थायी एकदा छापलेली, अंतरा एकदा छापलेला. मुखड्यावर किती वेळा यायचं, कोणत्या आवर्तनानंतर यायचं, तेही नाही. ते गुरूकडे बसून कळतं. वकिलाच्या शिस्तीने लिहिणाऱ्या माणसाने हे मुद्दाम सोडलं होतं, कारण ते प्रत्येक मैफलीत बदलतं. शिवाय मेल्झेलच्या यंत्रावर साधारण ४० ते २०८ असे आकडे असतात. विलंबित ख्यालात एक मात्रा चार सेकंदांची झाली तर तिचा आकडा होतो १५. आपलं विलंबित त्या यंत्राच्या पट्टीवर बसतच नाही.

आणि पुनरावृत्तीचा सर्वात मोठा हुकूम आपल्याकडे कागदावर नव्हता, तो थिएटरात होता. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकांचं युग सुरू झालं. बालगंधर्वांच्या काळात पद संपलं की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ यायचा. पद पुन्हा व्हायचं, आणि दुसऱ्यांदा ते वेगळं व्हायचं. त्यासाठीच तर ओरडायचे. अशाने नाटक पहाटेपर्यंत चालायचं. त्याच गायकाला ७८ आरपीएमच्या तबकडीपुढे उभं केलं की सगळं तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागे. आपल्या संगीतात यंत्राने पुनरावृत्तीवर घातलेली ही पहिली मर्यादा. तबकडी फिरून पुन्हा लावता येते, पण ती दरवेळी तेच गाते. यंत्राचा वन्स मोअर असा असतो.

अँथनींच्या वह्या

मुंबईत या दोन जगांना जोडणारी माणसं होती गोव्याची. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेले हे वादक हिंदी-मराठी सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये आले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, कधी सरगम सांगायचा. अरेंजर ती पाच रेघांवर उतरवायचा आणि पन्नास जणांना वाटायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यातलं मोठं नाव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. सेबास्टियन डिसूझा शंकर-जयकिशनांचे अरेंजर. १९५८ साली गोन्साल्विसांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात भारतीय रागांवरच्या आपल्या सिंफनीचा कार्यक्रमही केला.

त्या कागदांवर रिपीटच्या खुणा होत्याच. पण ‘इथून परत, दोनदा, मग उडी’ हा शेवटचा शब्द हात वर करून उभ्या असलेल्या माणसाचा असायचा. गाण्याचं एक कडवं कापलं गेलं की पेन्सिलीने खूण खोडली, पुढे चला. कागद मदतनीस होता, मालक नव्हता.

यंत्राने खूण शब्दशः घेतली

१९८३ साली मिडी नावाची बोली ठरली, जिच्यातून एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागला. १९८८ साली मिडी फाइलचा साचा ठरला. त्यात लय कशी लिहितात? एका क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद. काहीच लिहिलं नसेल तर ५,००,०००, म्हणजे मिनिटाला १२०. आज जगभर कुठेही नवीन फाइल उघडून प्ले दाबलं की ती बहुधा १२०नेच का धावते, त्याचं मूळ हे. कोणाच्याही नाडीचा, पावलाचा, श्वासाचा हा वेग नाही. अर्ध्या सेकंदाचा सोयीचा पूर्णांक आहे.

आणखी एक गोष्ट: मिडी फाइलमध्ये रिपीट नसतोच. ती एक सरळ रेघ आहे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. म्हणून नोटेशनच्या प्रत्येक सॉफ्टवेअरला, म्हणजे १९८८च्या फिनाले, १९९३च्या सिबेलियस, २००२ साली सुरू झालेल्या म्यूझस्कोअर किंवा २०१६च्या डोरिकोला, एक काम करावंच लागतं: कागदावर गुंडाळलेलं गाणं उलगडायचं. पहिलं माप, आठवं माप, पुन्हा पहिलं, मग ‘एक’ लिहिलेला कंस सोडून ‘दोन’च्या कंसात. वादक हे नजरेने करतो. सॉफ्टवेअर नियमाने करतं. आणि नियम कुणीतरी ठरवलेले असतात.

हे नियम माहीत नसले की गोंधळ होतो. रोज भेटणारे चार सांगतो.

पहिला: शब्द आणि लय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साध्या मजकुराच्या हत्याराने मापावर ‘आलेग्रो’ किंवा ‘जलद’ लिहिलं तर ते चित्र आहे. वाजणार जुन्याच वेगाने. लयीच्या खास खुणेतच लिहावं लागतं. उलटंही होतं: म्यूझस्कोअरमध्ये लिहिलेला आकडा न पाळता वेगळाच वेग देता येतो, म्हणजे पानावर १०० आणि कानावर १३२. दोन सॉफ्टवेअरमध्ये फाइल ने-आण करायची म्यूझिक-एक्सएमएल ही पद्धत २००४ साली आली. तिच्यातही दिसणारे शब्द एका जागी आणि वाजणारा वेग दुसऱ्या जागी नोंदवलेला असतो. एक पोचतं, दुसरं कधीकधी नाही.

दुसरा: आकडा कोणत्या नोटचा, ते बघायचं. कोळी आणि ईस्ट इंडियन गाणी पुष्कळदा दादऱ्याच्या वळणाची, सहा मात्रांची. स्टाफवर ती सहा-आठमध्ये लिहितात, आणि पाऊल पडतं ते टिंबवाल्या क्वार्टरवर, मापात दोनदा. पावलाला १०० धरलं तर एक माप १.२ सेकंदांचं. पण टिंब विसरून साध्या क्वार्टरला १०० लिहिलं तर तेच माप १.८ सेकंदांचं. सोळा मापांचं कडवं १९.२ सेकंदांत व्हायचं ते २८.८ घेतं. लग्नाचं गाणं अंत्ययात्रेचं वाटू लागतं. आकडाच नसेल तर १२०चा नियम लागतो आणि कडवं २४ सेकंदांचं होतं: धड ना हे, धड ना ते.

तिसरा: उडी मारल्यावर आधीचे रिपीट सहसा धरत नाहीत. ‘दा कापो’ने सुरुवातीला परतल्यावर भाग एकेकदाच वाजवायचा, ही युरोपातली प्रथा. म्यूझस्कोअर तीच मानतो. परतल्यावरही रिपीट हवे असतील तर त्या खुणेच्या गुणधर्मांत तसं सांगावं लागतं. तीन किंवा पाच फेऱ्या हव्या असतील तर शेवटच्या मापाला तो आकडा द्यावा लागतो. ‘विहीर येईपर्यंत’ असा पर्याय तिथे नाही.

चौथा नियम सर्वात महत्त्वाचा. सॉफ्टवेअरमध्ये लय फेरीला चिकटलेली नसते, जागेला चिकटलेली असते. पहिल्या मापावर ९० लिहिलंत, बाराव्या मापावर ११० लिहिलंत, तर परत पहिल्या मापावर गेल्यावर ती पुन्हा ९० होते. प्रत्येक फेरीत तेच चढण, तीच घसरण.

फेरीची लय

आता आजीच्या तक्रारीकडे परत येऊ. आपल्याकडचं समूहाचं गाणं, मग ते वारकऱ्यांचं भजन असो, गणपतीची आरती असो, नाहीतर ईस्ट इंडियन अंगणातला नाच, जागेवर चढत नाही, फेरीवर चढतं. पहिलं कडवं संथ. लोक येतात, टाळ जुळतात, घुमट तापतं. दुसऱ्या फेरीला थोडी वाढ, तिसरीला आणखी, शेवटी धावपळ. तीच चाल, तेच माप, पण दरवेळी वेगळ्या वेगात. लयीला इथे आठवण असते: ही कितवी फेरी आहे, हे तिला माहीत असतं.

हिशोब मांडून पाहा. सहा-आठमधलं सोळा मापांचं कडवं, पाच फेऱ्या, पावलांचा वेग ९०, ९६, १०२, १०८, ११४. पहिली फेरी २१ सेकंदांहून थोडी जास्त, पाचवी १७च्या आत. पाचही मिळून जवळपास ९५ सेकंद. हेच रिपीटची खूण टाकून ९०ने वाजवलं तर १०७ सेकंद. फरक फक्त १२ सेकंदांचा, पण त्या १२ सेकंदांत अख्खा नाच आहे. आजी म्हणाली “आमचं नाय,” ते या १२ सेकंदांबद्दल.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे अगदीच सुचलं नाही असं नाही. सिबेलियसमध्ये एखादी खूण कोणत्या फेरीला लागू करायची ते निवडता येतं. म्यूझस्कोअरच्या चौथ्या आवृत्तीत, डिसेंबर २०२२पासून, हळूहळू वाढणारी किंवा उतरणारी लय प्लेबॅकमध्ये खरोखर ऐकू येते. त्याआधी तो नुसता शब्द असायचा. पण पानाच्या मुळाशी असलेली कल्पना तीच आहे: संगीत म्हणजे एक जागा, आणि वाजवणं म्हणजे त्या जागेवरून चालत जाणं. परत आलात तर जागा तशीच असणार. विहिरीची वाट मात्र परतताना तशीच नसते. कळशी भरलेली असते.

यात जातं काय?

कुणी म्हणेल, प्लेबॅक तर नुसता तपासायला असतो, खरं गाणं माणसं गातात. एकेकाळी तसंच होतं. आज वसई, गोराई, मनोरीतली कुटुंबं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे वाढलेल्या मुलीला मावशीच्या लग्नासाठी गाणं शिकायचं असेल तर ती अंगणात बसून शिकणार नाही. तिला फाइल पाठवली जाईल आणि ती प्ले दाबेल. जे वाजेल तेच तिच्यासाठी मूळ गाणं. पाच वर्षांनी ती आजीला सांगेल, “तू चुकतेस, हे इतकं फास्ट नाहीये.” भातखंड्यांच्या पानावर मोकळी सोडलेली जागा वाचणाऱ्याला विचारायला लावत होती. प्लेबॅक विचारायला लावत नाही. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं आणि कोणी काही ठरवलं नसेल तिथे उत्तर असतं १२०.

फाइलचं आयुष्यही मोजकंच. ऑगस्ट २०२४मध्ये फिनालेच्या मालकांनी ३५ वर्षांनंतर ते सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. फक्त त्याच्याच साच्यात ठेवलेलं गाणं आता हळूहळू कुलुपात जाणार. त्याची म्यूझिक-एक्सएमएल प्रत आणि छापील कागद ठेवला असेल तर ते वाचेल.

म्हणून लिहायचं सोडू नये. लिहिताना काही पथ्यं पाळावीत. फेरीगणिक लय चढत असेल तर रिपीटची खूण टाकून कागद वाचवू नका. संगणकात कागद फुकट आहे. पाचही फेऱ्या उलगडून लिहा आणि प्रत्येक फेरीच्या डोक्यावर तिचा वेग द्या. वेग अंदाजाने न लिहिता रेकॉर्डिंगवर मोजा: पंधरा सेकंदांत किती पावलं पडली ते मोजा, चाराने गुणा. आकडा टिंबवाल्या क्वार्टरचा आहे का ते तपासा. वर मराठीत लिहा की हे गाणं कधी म्हणतात: विहिरीवर जाताना, परतताना, की अंगणात. फेऱ्या ठरलेल्या नसतील तर तेही लिहा, ‘वाट संपेपर्यंत’. सॉफ्टवेअरला ते वाजवता येणार नाही, पण पुढच्या वाचणाऱ्याला कळेल. आणि मूळ रेकॉर्डिंग फाइलसोबतच ठेवा, म्हणजे वाद झाला तर न्याय त्यावर करता येईल.

सगळं झालं की फाइल आजीला ऐकवा. ती मान डोलवते का, ते बघू नका. तिचा पाय कुठल्या फेरीला हलायला लागतो, ते बघा.